जगलं की सातव्याचं

ताई, परवा तुझ्या हॉस्पिटलच्या गच्चीवर शोकसभा झाली. एकेक जण उठून बोलत होता. एका मोठ्या डॉक्टरांनी तुला नवजात बालकांच्या क्षेत्रातला दीपस्तंभ म्हटलं. जळगावात दीपस्तंभ! समुद्र कुठे, आपण कुठे. मला हसू आवरेना, आणि हसता हसताच रडू फुटलं. तू असतीस तर पहिल्याच भाषणाला 'वॉर्डात जरा बघून येते' म्हणून सटकली असतीस, आणि तुला शोधायला माणूस पाठवावं लागलं असतं.

मला कोणी बोलायला सांगितलं नाही ते बरंच झालं. तुझ्या पदव्या, तुझे शोधनिबंध, परदेशातून आलेली आणि तू नाकारलेली बोलावणी, हे सगळं त्यांनी सांगितलं. माझ्याकडे तसलं काही नाही. माझं तुझ्याशी एक भांडण आहे, माझा मनोज जन्मला त्या दिवसापासूनचं, आणि ते अर्ध्यावर टाकून तू निघून गेलीस. हे काही बरं केलं नाहीस.

मनोज झाला तेव्हा मार्गशीर्षातली थंडी होती. मी धुळ्याला माहेरी आले होते. बाळंतपणाला अजून वेळ आहे असंच सगळे धरून चालले होते. दुपारी उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, आणि उठता उठता कळा सुरू झाल्या. संध्याकाळच्या आत धुळ्याच्या दवाखान्यात मी बाळंत झालेसुद्धा.

तुला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. माझ्या लेकराचा एवढासा पाय बोटांत धरून तू दिव्याखाली उभी होतीस. तळवा उजेडाकडे वळवून कितीतरी वेळ बघत होतीस. मग त्याच्या कानाची पाळी हलकेच दुमडलीस आणि ती परत उलगडते का हे पाहिलंस. मला वाटलं, ही बाई डॉक्टर आहे की ज्योतिषी?

"कितवा महिना?" तू विचारलंस.

"सातवा," मी म्हणाले.

मी मराठीची शिक्षिका. वर्गात पोरांना अंधश्रद्धेवर निबंध घालायचे आणि शुद्धलेखनाच्या चुका काढायचे. पण आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं की सातव्याचं मूल जगतं, आठव्याचं जगत नाही. का, ते कोणी विचारत नाही. माझा त्यावर विश्वास नव्हता, आणि तरी तोंडातून सातवाच आलं. कारण निरोप गेला होता, आणि भडगावहून माझ्या सासूबाई यायला निघाल्या होत्या.

तू वाद घातला नाहीस. खाटेच्या कडेला बसलीस आणि घरच्यासारखं अक्षय तृतीयेचं विचारलंस, "आखाजीला माहेरी आली होतीस?"

"आले होते की. झोके घेतले, सगळं झालं. पण घागरीला हात लावता आला नाही. नेमकी बाहेर बसले होते."

बोलून गेले आणि जीभ चावली. तू बोटांवर मोजत होतीस. आपल्याकडच्या बाईला तारीख विचारली तर ती छताकडे बघते. पण आखाजीला घागर कोणी भरली, श्रावणात कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाला कोणाचा हात लागला नाही, हे तिलाच काय, अख्ख्या घराला पाठ असतं. बाईला बाजूला बसवायची रीत, आणि तू त्याच रितीचं मोजमाप करून ठेवलं होतंस. त्या क्षणी मला तुझा राग आला होता. आता आठवलं की थक्क व्हायला होतं.

"सातवा नाही," तू म्हणालीस. "तळव्यावर एवढ्या रेघा सातव्यात उमटत नाहीत. आखाजीचा हिशेबही तेच सांगतो. आठवा चालू आहे."

मी तुझा हात धरला. "ताई, माझ्या सासूबाईंना सातवा सांगा. तुमचं काय जातं?"

"नाही सांगणार," तू म्हणालीस. एवढंच, आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवायला घेऊन गेलीस.

अशी तुझी-माझी ओळख झाली. भांडणानंच सुरुवात.

सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि तुला थेट विचारलं, "कितवा शे?"

"आठवा, अक्का," तू सांगितलंस. आवाज जराही हळू केला नाहीस.

अक्कांनी पेटीकडे पाहिलं नाही. माझ्या उशाशी बसल्या, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जीव नको लावू, माय. आठवानं पोर ऱ्हात नही." त्या दुष्ट नव्हत्या गं. स्वतःचं एक आठव्याचं पोर त्यांनी असंच भिंतीकडे तोंड करून घालवलं होतं, हे मला पुढे कळलं. माझा जीव वाचावा म्हणून त्या मला बाळापासून सोडवत होत्या. माझ्या छातीत दूध दाटलेलं, अंगात ताप चढत चाललेला, आणि मी मनातल्या मनात तुला शिव्या देत होते. एक शब्द. सातवा म्हटलं असतंस तर त्या उठून पेटीपाशी गेल्या असत्या.

दुपारी लाइट गेली. धुळ्यात तेव्हा ती जायचीच. पेटी गार पडायला लागली. एरवी तू बाळाला माझ्याच छातीशी बांधलं असतंस. ही युक्ती तेव्हा दूरदेशी कुठे कुठे नुकती सुरू झाली होती, आणि तू ती वाचून आपल्या वॉर्डात आणली होतीस. 'पेटीची लाइट जाते, आईची जात नाही,' असं तू म्हणायचीस. पण माझं अंग तापानं फणफणत होतं. तू इकडेतिकडे पाहिलंस, आणि तुझी नजर अक्कांवर थांबली.

"अक्का, लुगडं सैल करा. याला धरायचंय."

"मी? मी कसाले धरू?"

"मग कोण धरणार? सून तापली आहे. माझ्या हाताखाली अजून बाळं आहेत."

त्यांनी हो म्हणायची वाटही तू पाहिली नाहीस. उघडं बाळ त्यांच्या उघड्या छातीवर ठेवलंस, वरून लुगडं, त्यावर गोधडी. त्यांचा हात धरून शिकवलंस: आधी पोटाला हात लावायचा, मग पायाला. पोट ऊन आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही ऊन, तर ते मजेत आहे. अक्का ताठ बसून राहिल्या. बाळाकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. पण हात मात्र गोधडीत जात होता, पोटाला लागत होता, पायाला लागत होता.

बऱ्याच वेळानं त्या एकदम ओरडल्या. "वं डॉक्टरीणबाई! हाऊ ते मुंडकं हालाडस! हाऊ दूध मांगी ऱ्हायना!"

तू धावत आलीस. मनोज तोंड उघडून अक्कांच्या सुकलेल्या छातीवर इकडेतिकडे शोधत होता. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी नंतर कितीतरी वेळा पाहिलं, आणि दर वेळी मला वाटलं, देव असलाच तर आपलं काम बघून त्याचा चेहरा असाच होत असेल. तू मला हलवून म्हणालीस, "बघ, हा आठव्यातला आहे म्हणूनच मागतोय. सातव्यातल्याला बहुतेक हे कळत नाही, त्याला नळीनंच द्यावं लागतं. याला चमच्यानं देऊन बघू." वाटीत दूध काढलं. तू चमचा ओठाला लावलास. त्यानं गिळलं.

अक्का रडत होत्या. मीही. तू मात्र पुढच्या खाटेकडे गेली होतीस.

घरी जायच्या दिवशी मी तुला धरलंच. जगला म्हणून ठीक, पण खोटं एक अक्षर बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? व्हरांड्यातल्या बाकावर चहा पीत तू जे सांगितलंस ते माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही.

तू म्हणालीस, "मास्तरीणबाई, मी धुळ्यात आले तेव्हा मला वाटलं, या भागात आठव्यात कोणी जन्मतच नाही. जी बाई बाळ घेऊन घरी जाते ती सातवा सांगते. आणि जिचं गेलं तिला विचारावं तर ती म्हणते, आठवा होता, कसं राहणार? मग माझ्या लक्षात आलं. जगलं की सातव्याचं, गेलं की आठव्याचं. आता यात आठव्याचं मूल कधी जगणार? जगलं की तुम्ही त्याचा महिनाच बदलून टाकता. तुझ्यासाठी मी सातवा म्हटलं असतं, तर तुझा वाचला असता, पण सातव्याचा म्हणून. आणि पुढची बाई आपलं आठव्याचं पोर भिंतीकडे ठेवून रडत बसली असती. मला आठव्याचं जगलेलं मूल पाहिजे. सगळ्यांना दाखवायला."

माझा चहा निवून गेला. शेकडो वर्षं शहाणीसुरती माणसं जी गोष्ट डोळ्यांनी पाहत आली आणि खरी मानत आली, तिची गाठ या बाईनं एका वाक्यात सोडवून ठेवली होती. कोणी खोटं बोलत नव्हतं, सगळे मायेपोटीच बोलत होते, आणि त्या मायेतच पोरं जात होती. मी तुला 'तुम्ही' म्हणायचं त्या दिवसापासून सोडलं. मान देणं कमी झालं म्हणून नाही. एवढ्या मोठ्या माणसाला परकं ठेवणं मला परवडणारं नव्हतं.

मग तू आमच्या घरचीच झालीस. तू जळगावला आलीस आणि योगायोगानं आमचीही इकडे बदली झाली. हिवाळ्यात भरिताला तू ठरलेली. वांगी भाजून झाली की ऊन वांग्याची साल सोलायला तुझीच बोटं लागायची. स्वयंपाकाच्या नावानं बाकी सगळा आनंदच होता.

आणि तुझी ती सवय! परक्या बाळाचा पाय दिसला की तुझा हात पुढे जायचा. धुळ्याहून एस.टी.नं येताना पारोळ्याला एक आजी नातू घेऊन चढली, आणि तू काही न बोलता दुपट्यातून पोराच्या तळव्याला हात घातलास. तिनं तुझ्या हातावर फाडकन चापट मारली. "हात कसाले लावस वं? वळख ना पाळख!" सगळी गाडी आपल्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर बघत तुला ओळखतच नाही असं दाखवलं. एरंडोल येईपर्यंत पोर तुझ्या मांडीवर होतं आणि आजी तुला घरातलं सगळं सांगत होती. उतरताना तिनं पदरातली दोन केळी तुझ्या हातात कोंबली. पोराचे पाय गार आहेत, उतरल्यावर आधी छातीशी धर, हे तू तिला पुन्हा पुन्हा बजावत होतीस.

आपली दुसरी भांडणं शब्दांवरून. तुला गावोगावच्या बायकांसाठी मराठीत फलक हवे होते, आणि तू लिहून आणलंस: 'अपूर्ण कालावधीचे अर्भक.' मी म्हटलं, घरात अर्भक कोण म्हणतं गं? मी लिहिलं, 'आठव्याचं बाळ जगतं.' तू लाल शाई उचललीस आणि 'जगू शकतं' केलंस. मास्तरीण मी, आणि माझ्या वाक्यावर लाल रेघ तुझी! मी म्हटलं, 'शकतं' लावलंस की बाई घरी जाऊन रडते. तू म्हणालीस, नाही लावलं आणि तिचं गेलं तर तिला वाटेल, तिनंच काहीतरी चुकवलं. फलक तुझ्याच शब्दांत गेला. त्या एका 'शकतं'मध्ये तू किती बायकांचं रडणं आधीच जमेला धरलं होतंस हे मला हळूहळू उमगत गेलं.

पण आपलं खरं भांडण मनोजवरून. तो वर्षाचा झाला, आणि आखाजीला तुला आम्ही भडगावला नेलं. अंगणात बायका जमल्या होत्या. अक्का नातवाला कडेवर घेऊन कौतुकानं सांगत होत्या, "सातवाना शे, म्हनीसन वाचना." ज्या बाईनं त्याला स्वतःच्या छातीवर जगवलं तीच! तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "अक्का, आठवा." अक्कांचा चेहरा पडला. रात्री मी तुझ्यावर तुटून पडले, आणि तू शांतपणे म्हणालीस, "महिना बदलायला तिथूनच सुरुवात होते."

त्यानंतर तू त्याला बरोबर न्यायला लागलीस. कधी नशिराबाद, कधी एरंडोल, कधी धुळ्याकडची खेडी. गरोदर बायका आणि त्यांच्या सासवा बसलेल्या, आणि तू त्याला पुढे उभा करायचीस. "हा बघा. आठव्यातला." बायका त्याच्या गालावरून हात फिरवायच्या, बोटं मोडायच्या. त्यांच्या डोळ्यांत काय हलायचं ते मीही पाहिलं होतं, म्हणून बरीच वर्षं मी गप्प राहिले. मग एकदा, तो चौथी-पाचवीत असेल, तू न्यायला आलीस तेव्हा तो दाराआड जाऊन उभा राहिला. "मावशी, मला नको नेऊ. सगळ्या बायका माझे पाय बघतात."

तू त्याच्याकडे पाहत राहिलीस. मग "बरं" म्हणालीस, आणि पुन्हा कधीही त्याला बोलावलं नाहीस.

त्याच हिवाळ्यात भरिताच्या दिवशी मी तुला विचारलं. "ताई, खरं सांग. तुला यात पोरगा दिसतो की पुरावा?"

वांग्याच्या सालीवर तुझी बोटं थांबली. हात भाजत असणार, पण तू ते बाजूला घेतले नाहीस. "आत्ता माझ्याकडे उत्तर नाही," तू म्हणालीस. "मिळालं की सांगेन." तू कधी माहीत नसलेलं बोलायची नाहीस, मग ते बाळाबद्दल असो की स्वतःबद्दल. मी वाट पाहिली. वर्षं गेली. तू तुझ्या कामात, मी माझ्या. तो विषय आपण दोघींनीही परत काढला नाही.

शेवटच्या आजारात मनोज तुला भेटायला आला होता. आता बारावीत आहे, तुला माहीतच आहे, दारातून वाकून आत येतो. तुझे पाय पांघरुणाबाहेर आले होते. त्यानं हाताची उलटी बाजू तुझ्या पावलाला लावली आणि म्हणाला, "मावशी, गार पडलेत." मग बसून चोळत राहिला. तू हसलीस आणि म्हणालीस, "शिकलास की." मला वाटलं, आता सांगशील. पण तू डोळे मिटून घेतलेस, आणि मीही विचारलं नाही. आजारी माणसाशी भांडू नये म्हणतात.

परवाच्या सभेचं राहिलेलं सांगते. सभा संपली, माणसं पांगली. मी आणि मनोज जिना उतरून तुझ्या वॉर्डाच्या दाराशी आलो. आत नुकतंच एक बाळ आणलं होतं. बाहेर बाकावर त्याची आजी बसलेली, एरंडोलकडची, मांडीवर रिकामी गोधडी. तू तयार केलेली तरुण डॉक्टर बाहेर आली आणि तिनं विचारलं, "आजी, कितवा महिना होता?"

"सातवा शे, बाई," म्हातारी म्हणाली. जमिनीकडे बघून.

एवढी वर्षं, एवढी गावं, आणि तुझ्या दारात, तुझी सभा उठल्या उठल्या, तोच शब्द. डॉक्टर मुलगी घुटमळली. तिला शंका आली असावी, पण म्हातारीला खोटं कसं पाडायचं हे तिला सुचेना. मी काय सांगणार? मी स्वतः एकदा हेच म्हणाले होते.

तेवढ्यात मनोज माझ्याजवळून सरकला. म्हातारीसमोर फरशीवर उकिडवा बसला. अक्कांच्या तोंडून ऐकत वाढलेला तो, त्याला ती बोली कोणी शिकवावी लागत नाही.

"आजी, खरं सांग. आठवा शे ना?"

ती गोधडीची दशी बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"मी बी आठवानाच शे," तो म्हणाला.

म्हातारीनं मान वर केली. त्याच्या केसांपासून बुटांपर्यंत पाहिलं. मग हात पुढे करून त्याचा गाल चाचपला, खांदा चाचपला, मनगट दाबून पाहिलं. "तू? एवढा?"

"हां, आजी."

ती डॉक्टरकडे वळली. "आठवा शे, बाई. आठवा."

डॉक्टर मुलगी आत धावली; नळीऐवजी आता चमच्यानं देऊन बघता येणार होतं. मनोजनं म्हातारीच्या मांडीवरची गोधडी उचलून तिच्या खांद्यावर टाकली आणि तिला पोटाचं-पायाचं समजावून सांगायला लागला, तुझ्याच शब्दांत. त्याला कोणी पुढे उभं केलं नव्हतं. तो आपणहून बसला होता.

ताई, पोरगा की पुरावा, हे तू मला सांगायचं राहूनच गेलं. त्याचं उत्तर मला त्या फरशीवर बसलेलं दिसलं. ते तुला सांगावं म्हणून मी वळले, आणि समोर तुझ्या खोलीच्या दाराला कुलूप होतं.